हरणाचा कोथळा काढताना हात, डोळे, कपडे आणि घर कसे सांभाळावे

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनला राहणाऱ्या एका तरुण मित्राचा प्रश्न आहे. येत्या नोव्हेंबरात ते पहिल्यांदाच बंदुकीच्या हंगामात हरणाच्या शिकारीला निघाले आहेत. नेमबाजीचा सराव झाला आहे, शिकारी-सुरक्षेचा अभ्यासक्रमही पूर्ण झाला आहे. परंतु हरीण पडल्यावर रानातच त्याचे पोट उघडून आतले अवयव बाहेर काढायचे, या कामाची त्यांना धास्ती वाटते. रक्त अंगावर आणि कपड्यांवर येऊ नये म्हणून काय करावे, हरणापासून माणसाला कोणते आजार लागू शकतात, आणि घरात सात महिन्यांचे बाळ असताना त्या सुऱ्या आणि ते कपडे घरात आणावेत का, असे त्यांनी विचारले आहे.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. विस्कॉन्सिनला आलो तेव्हा साधी कोंबडीसुद्धा कधी स्वतःच्या हाताने कापलेली नव्हती. गेल्या २२ हंगामांत स्वतःची आणि सोबत्यांची मिळून शंभराच्या आसपास हरणे या हातांनी साफ केली, त्यातली पहिली चार-पाच अत्यंत वाईट केली, आणि खाली जे लिहिले आहे ते बहुतांशी त्या चार-पाचांनी शिकवलेले आहे. इथले शिकारी या कामाला ‘फील्ड ड्रेसिंग’ म्हणतात. ‘ड्रेसिंग’ म्हटले की आपल्याला जखमेवरची पट्टी आठवते, त्यामुळे पहिल्या वर्षी हा शब्द ऐकून माझा बराच गोंधळ झाला होता. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो: हे उत्तर परवाना घेऊन, हंगामात आणि इथल्या नियमांत राहून केलेल्या शिकारीपुरते आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे, तेव्हा गावाकडच्या कोणी यातून तिकडच्यासाठी काही घेऊ नये.

पहिल्यांदा हे काम करणारा माणूस रक्ताला घाबरतो, आणि तिथेच त्याचे लक्ष चुकीच्या जागी जाते. दिसायला निरोगी असलेल्या, नुकत्याच पडलेल्या हरणाच्या स्नायूंत आणि रक्तात रोगजंतू सहसा फार नसतात. जंतूंचा खरा साठा असतो तो वजडीत आणि आतड्यांत, तसाच कातडीच्या बाहेरच्या बाजूला, जिथे चिखल, लेंड्या, मूत आणि गोचिड्या केसांत अडकलेल्या असतात. आतले मांस स्वच्छ असते. ते घाण होते ते आपल्या हातून, केसांवरची घाण आत नेल्याने किंवा वजडी फोडल्याने. आपल्याला स्वतःला होणाऱ्या इजांमध्ये तर पहिला क्रमांक आपल्याच सुरीचा लागतो. म्हणून स्वच्छ राहण्याचा विचार करताना रक्त किती उडाले याची मोजदाद ठेवण्यापेक्षा कोणत्या हाताने कशाला स्पर्श केला याचे भान ठेवणे अधिक उपयोगाचे आहे. मराठी माणसाला ही शिस्त नवी नाही. जेवताना उजवा हात खरकटा झाला की आपण वाढून घ्यायला डावा हात वापरतो, आणि भाजीच्या डावाला खरकटा हात लागला तर घरातले मोठे माणूस लगेच टोकते. हरणाजवळ बसताना तेच करायचे: डावा हात केसांचा, उजवा हात सुरीचा आणि आतल्या भागाचा. डाव्या हाताने कातडी ओढायची, पाय धरायचा, अंग कलते करायचे. उजवा हात केसांना लावायचा नाही, आणि लावावा लागलाच तर मोजा बदलायचा. (डावखुऱ्यांनी अर्थात उलटे करावे.)

आता मोज्यांविषयी. इथल्या शिकारसाहित्याच्या दुकानांत खांद्यापर्यंत येणारे पातळ प्लास्टिकचे हातमोजे मिळतात. गावाकडे पशुवैद्य गायीम्हशींना कृत्रिम रेतन करताना जसा लांब मोजा घालतात, तसाच हा असतो. तो एकटा घालून काम करण्याचा प्रयत्न करू नका, कारण त्याची बोटे सैल असतात, ती सुरीच्या मुठीवर सरकतात आणि सुरी हातात फिरते. आधी लांब मोजा घालावा, वर दंडाशी रबरबँड लावावे म्हणजे तो खाली घसरत नाही, आणि त्यावरून मनगटापर्यंतचा घट्ट बसणारा नायट्राइलचा (कृत्रिम रबराचा) मोजा चढवावा. यामुळे पकड येते, आणि वरचा मोजा घाण झाला किंवा फाटला की तेवढाच काढून नवा घालता येतो. मी अशा नायट्राइलच्या सहा जोड्या नेतो. दोन लागतात, पण तुटलेल्या बरगडीने मोजा फाटतो तेव्हा बाकीच्यांची आठवण होते. गोळी छातीतून गेली असेल तर बरगडीची टोके फुटलेल्या काचेसारखी धारदार असतात, आणि ती दिसत नाहीत, हाताला लागतात तेव्हाच कळतात. केसांचा जो डावा हात, त्याच्यात दोन मोज्यांच्या मध्ये एक विणलेला, न कापला जाणारा मोजा घालावा अशी माझी नवशिक्यांना शिफारस असते. तो टोचण्यापासून वाचवत नाही, परंतु पाते घसरून होणारा लांब काप अडवतो.

मोजे घालण्याआधी हात नीट पाहावेत. नोव्हेंबरातल्या इथल्या कोरड्या थंडीत बोटांच्या पेरांवर भेगा पडतात, नखांच्या कडेची कातडी सुटते, आणि जंतूंना आत शिरायला एवढी वाट पुरते. हंगामाच्या आठवडाभर आधीपासून रात्री हातांना तेल किंवा मलम चोळा आणि असलेल्या भेगांवर जलरोधक पट्टी लावून मगच मोजा चढवा. अंगठी, घड्याळ, कडे घरीच ठेवा.

कपड्यांच्या बाबतीत सर्वांत सोपा उपाय म्हणजे कपडे कमी करणे. जाड कोट काढून फांदीला अडकवावा, सदऱ्याच्या बाह्या कोपराच्या वर दुमडाव्यात आणि त्यावर लांब मोजा घ्यावा. थंडी वाजेल ही भीती नको; पाच मिनिटांत घाम येतो. मात्र इथे एक चूक अनुभवी माणसेही करतात. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीच्या हंगामात कमरेच्या वरचे निम्मे तरी बाह्य कपडे भडक नारिंगी असावे लागतात (२०१६ पासून भडक गुलाबीही चालतो), आणि बहुतेकांचा नारिंगी रंग त्या कोटावरच असतो. कोट काढला की माणूस तपकिरी सदऱ्यात, तपकिरी जनावरावर ओणवा होऊन हालचाल करताना दिसतो, आणि तेही अशा रानात जिथे आजूबाजूला आणखी बंदुका आहेत. म्हणून बिनबाह्यांचे नारिंगी जाकीट वेगळे ठेवा आणि काम करताना ते सदऱ्यावर घाला. त्याला रक्त लागले तर लागू द्या. गुडघ्यांखाली घ्यायला प्लास्टिकचा एक जाड तुकडा असला की विजार वाचते. कचऱ्याची मोठी पिशवी उभी फाडली तरी भागते.

डोळ्यांना चष्मा हवाच. पोटातला पडदा ओढताना तो रबरासारखा सुटतो आणि त्याच्याबरोबर शिंतोडे येतात, ते नेमके तोंडाच्या उंचीवर. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या दिवशी साधा चष्मा घाला, कारण लेन्स हलली की बोट डोळ्याकडे जाणार हे ठरलेले. चष्म्याचीही एक खोड आहे. बाहेर शून्याखाली तापमान असताना पोट उघडले की आतली ऊब वाफ होऊन वर येते आणि काचा धुरकट होतात. त्या क्षणी हात आपोआप काच पुसायला उठतो. माझ्या दुसऱ्या हरणाच्या वेळी मी तसे केले, आणि उरलेले काम कपाळापासून गालापर्यंत ओघळ घेऊन पूर्ण केले. काच धुरकट झाली की सुरी खाली ठेवून मागे टेका आणि अर्धा मिनिट थांबा. वाफ जाते, काच आपली आपण साफ होते.

पिशवीत आणखी काय असावे ते थोडक्यात सांगतो: साडेतीन-चार इंचाच्या पात्याची, न दुमडणारी, धार लावलेली सुरी, प्लास्टिकचे दोन-तीन बंध किंवा सुतळी, दोन लिटर पिण्याचे पाणी, जे कोटाच्या आत किंवा गरम डब्याशेजारी ठेवावे, नाहीतर बाटलीत बर्फ मिळतो, कागदी रुमालाची गुंडाळी, द्रव साबणाची लहान बाटली, तीन-चार जाड पिशव्या, मलमपट्टीचे साहित्य. हल्ली बदलायच्या पात्यांच्या, शस्त्रक्रियेच्या सुरीसारख्या सुऱ्या फार खपतात. कातडी सोलायला त्या उत्तम आहेत, पण पोट साफ करायला मी त्या नवशिक्याच्या हाती देत नाही. पाते पातळ असते, हाडाशी पिळले गेले की तुटते, आणि तुटलेला तुकडा त्या लाल अंधारात कुठेतरी राहतो. तो शोधायला मग हातच आत घालावा लागतो.

हरीण पडल्यावर लगेच हात लावू नये. मागच्या बाजूने जावे, लांब काटकीने उघड्या डोळ्याला स्पर्श करून पाहावे. पापणी हलली तर ते जिवंत आहे, आणि जिवंत हरणाचा मागचा पाय माणसाची बरगडी मोडू शकतो. मेल्याची खात्री झाली की शिकारीची नोंद, फोटो, फोन ही सगळी कामे मोजे घालण्याआधी उरकावीत. याच वेळी जनावर बारकाईने पाहावे: ते हाडकुळे आहे का, तोंडातून लाळ गळलेली आहे का, पडण्याआधी ते लडखडत होते का, अंगावर जुनी सडलेली जखम किंवा पुवाची गाठ आहे का. असे काही आढळले तर पोट न उघडता राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाला कळवावे आणि ते सांगतील तसे करावे. नियम जाणणाऱ्या माणसाने इतपत थांबण्यात कमीपणा नाही.

आता प्रत्यक्ष काम. हरीण पाठीवर उताणे, डोके चढाच्या बाजूला, म्हणजे आतले सारे पदार्थ आणि रक्त मागच्या पायांकडे वाहते. आधी शेपटीखाली गुदद्वाराभोवती सुरीचे टोक गोल फिरवून ती नळी कटीच्या हाडातून सुटी करायची, थोडी बाहेर ओढायची आणि बंधाने घट्ट आवळायची. नवशिके ही पायरी किळस येते म्हणून शेवटी ठेवतात. ती आधी केली नाही तर पुढे आतडी ओढताना लेंड्या नेमक्या मागच्या मांडीच्या मांसावर, म्हणजे सर्वांत चांगल्या मांसावर येतात. मागच्या पायांच्या गुडघ्यांजवळ आतल्या बाजूला केसांचे काळसर, उग्र वासाचे पुंजके असतात. त्या ग्रंथी आहेत. त्या कापून टाकण्याचा सल्ला काही जुने लोक देतात, माझ्या मते त्यांना हातच लावू नये, कारण कापणारी सुरी आणि धरणारा हात तो वास मग सगळीकडे नेतात.

नंतर पोटाचा काप. ओटीपोटाजवळ कातडी चिमटीत उचलून एक इंचाचा छेद घ्यायचा. डाव्या हाताचा केसांना लागलेला वरचा मोजा बदलून त्या छेदात त्याची दोन बोटे घालायची, बोटांनी इंग्रजी व्हीसारखी फट करायची आणि पोटाची भिंत वर उचलून धरायची. सुरीचे पाते त्या दोन बोटांच्या मध्ये, धार आकाशाकडे, टोक बोटांच्या पुढे जाणार नाही अशा बेताने छातीच्या हाडापर्यंत सरकवत न्यायचे. धार वर असल्याचे दोन फायदे आहेत: वजडी खाली सुरक्षित राहते, आणि केस आतून बाहेर कापले जात असल्याने मांसावर कमी पडतात. याच टप्प्यावर बहुतेकांचे हात घाई करतात. रस्त्यात गाडीखाली मेलेली कितीतरी हरणे पाहिलेल्या माणसालासुद्धा पहिल्यांदा राखाडी, फुगलेली वजडी फटीतून वर येताना पाहून धसका बसतो, तो सुरी पटकन पुढे रेटतो आणि टोक तिच्यात घुसते. सुरी थांबवायची, वजडी डाव्या हाताच्या पालथ्या बोटांनी खाली दाबायची, आणि मग पुढचा इंच.

पोट आणि छाती यांच्यामध्ये श्वासपटलाचा पडदा असतो. तो बरगड्यांच्या कडेने कापला की छातीतले रक्त एकदम खाली येते, तेव्हा गुडघे बाजूला ठेवा. राहिली श्वासनलिका आणि अन्ननलिका. या नळ्या मानेच्या तळाशी कापाव्या लागतात, आणि तिथे पोहोचायला एक हात नळी धरून, दुसरा सुरी घेऊन, दोन्ही कोपरापर्यंत आत, काहीही न दिसता काम करावे लागते. मी पाहिलेल्या बहुतेक जखमा याच जागी झाल्या आहेत, माझी स्वतःची धरून. माझ्या डाव्या तर्जनीवर पाऊण इंचाचा पांढरा वण आहे, तो २००६ च्या हंगामातला आहे. थंडीत बोटे बधिर होती, मला वाटले मी नळी कापतो आहे. बाहेर काढल्यावर मोज्याच्या आतून माझेच रक्त ठिबकताना दिसले. म्हणून माझा सल्ला रूढीपेक्षा वेगळा आहे. हरणाचे डोके शोभेसाठी भिंतीवर लावायचे नसेल तर नवशिक्याने छातीच्या हाडाच्या कडेची कूर्चा कापून छाती उघडावी आणि जे कापायचे ते डोळ्यांनी पाहून कापावे. यात पाच मिनिटे जास्त जातात आणि मांसाला थोडी हवा लागते. बोट गमावण्यापेक्षा हे परवडते. छाती उघडायची नसेल तर सुरी धरणाऱ्या हाताची तर्जनी पात्याच्या पाठीवर, टोकापर्यंत ताणून ठेवावी, आणि दुसरा हात सुरीच्या वरच्या बाजूला, कधीही तिच्या पुढे नव्हे.

नळ्या सुटल्या की सगळा कोथळा एका ओढीने खाली येतो. मूत्राशय लहान, पारदर्शक फुग्यासारखे असते. त्याचे तोंड चिमटीत घट्ट धरून ते वेगळे काढावे. बकऱ्याच्या कलेजीतून पित्ताची पिशवी जपून काढण्याची आपल्याला सवय असते. हरणाला पित्ताशयच नसते, तेव्हा ती शोधत बसू नये. शेवटी हरीण पालथे करून दहा मिनिटे ठेवले की साचलेले रक्त निथळते.

आणि इतके करूनही वजडी फुटली तर? पहिल्या हरणाची मी चांगली चार इंच फोडली होती. अर्धवट रवंथ झालेल्या मक्याचा आणि ओकच्या फळांचा तो हिरवट लगदा मांडीवर पसरला, आणि सोबतच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने शांतपणे सांगितले, “आधी सुरी बदल.” त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. घाण झालेली सुरी आणि मोजे बाजूला ठेवायचे, नवे घ्यायचे, लगदा हातांनी आणि कागदाने बाहेर काढायचा, मग पिण्याच्या पाण्याने तेवढाच भाग धुवायचा आणि लगेच कागदाने कोरडा करायचा. लगदा लागलेला मांसाचा पृष्ठभाग नंतर घरी कापून टाकायचा. मांसाला पाणी लावूच नये असे सांगणारा मोठा वर्ग आहे. ओल्या मांसावर जंतू वाढतात हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु त्यासाठी शेण लागलेले मांस तसेच ठेवणे मला पटत नाही. ओढ्याचे पाणी आणि जमिनीवरचा बर्फ मात्र यासाठी वापरू नये. बर्फ पांढरा दिसतो म्हणून तो स्वच्छ असतो असे नाही.

आता आजारांकडे येतो, आणि विस्कॉन्सिनमध्ये सुरुवात क्रॉनिक वेस्टिंग डिसीजपासूनच, म्हणजे हरणाला हळूहळू खंगवून मारणाऱ्या आजारापासूनच करावी लागते. १९६७ साली कोलोरॅडोतल्या बंदिस्त हरणांत हा आजार प्रथम लक्षात आला. २००२ च्या फेब्रुवारीत तो विस्कॉन्सिनमध्ये माउंट होरेबजवळच्या हरणांत सापडला, जे तुमच्या घरापासून जेमतेम अर्ध्या तासावर आहे. जिवाणू किंवा विषाणू त्याच्या मुळाशी नाही. प्रिऑन नावाचे बिघडलेले प्रथिन ते मूळ आहे, आणि ते शिजवल्याने नष्ट होत नाही. माणसाला हा आजार झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, तरीही बाधित हरणाचे मांस खाऊ नये असाच अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. प्रिऑन मेंदू, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू, डोळे, प्लीहा आणि लसिका ग्रंथी यांत जास्त असतात. म्हणून रानात कण्याला करवत लावू नका, डोके फोडू नका, कटीचे हाड चिरण्याची गरजही नाही. घरी मांस हाडापासून सोडवून घ्या. डोके मानेच्या थोड्या भागासह तपासणीला द्यावे; घशाजवळच्या लसिका ग्रंथी तपासतात आणि विस्कॉन्सिनमध्ये ही तपासणी शिकाऱ्यांना मोफत आहे. निकाल येईपर्यंत ते मांस फ्रीझरमध्ये वेगळे, तारीख आणि शिकारीच्या नोंदीचा क्रमांक लिहून ठेवा, आणि कोणत्याही पाहुण्याच्या आग्रहाला बळी पडू नका.

छाती उघडल्यावर बरगड्यांच्या आतल्या अस्तरावर किंवा फुप्फुसांवर पिवळसर, वाटाण्यासारख्या गाठी दिसल्या तर काम तिथेच थांबवा. हे गोवंशीय क्षयाचे लक्षण असू शकते. शेजारच्या मिशिगन राज्याच्या ईशान्य भागातल्या हरणांत तो अनेक वर्षे आहे, आणि २००४ साली तिथल्या एका शिकाऱ्याला हरीण साफ करताना बोट कापल्यामुळे त्याच क्षयाची लागण झाली होती. एका बोटाच्या कापातून क्षय होऊ शकतो, हे कळल्यापासून मी मधला विणलेला मोजा विसरलेलो नाही.

तुमचे टेक्सासमधले मित्र रानडुकरांच्या शिकारीला बोलावतात, असे तुम्ही लिहिले आहे. तिथे सावधगिरी दुपटीने वाढवा. रानडुकरांत ब्रुसेला जिवाणू असतो. गावाकडे गायींच्या सांसर्गिक गर्भपाताला जो कारण असतो, त्याच कुळातला हा, आणि तो रक्तातून व शरीरातल्या स्रावांतून, विशेषतः गर्भाशयाजवळच्या, आपल्या जखमेत किंवा डोळ्यात जातो. ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी अशी लक्षणे आठवड्यांनी, कधी महिन्यांनी दिसतात, तेव्हा शिकारीची आठवण कोणालाच राहिलेली नसते. सशांमधून तुलारेमिया हा जिवाणूंचा आजार होतो. आजारी ससा हाताळल्यावर बोटावर व्रण आणि काखेत गाठ येते. ससा लहान म्हणून लोक मोजे घालत नाहीत, आणि तिथेच फसतात.

गोचिड्यांचे एक सांगायचे राहिले. थंडी पडली की त्या जातात असा समज आहे. लाइम आजार पसरवणाऱ्या काळ्या पायांच्या गोचिडीचे प्रौढ नर-मादी शरद ऋतूत, तापमान गोठणबिंदूच्या वर असेल त्या दिवशी, चांगलेच फिरत असतात. हरीण थंड पडू लागले की त्या केसांतून बाहेर येतात आणि जवळचे उबदार अंग शोधतात, आणि ते अंग तुमचे असते. विजारीचे पाय पायमोज्यांत खोचा, हरीण खांद्यावर घेऊ नका, ओढत न्या.

काम संपल्यावर मोजे काढण्यातही क्रम आहे. आधी सुरी पुसून म्यानात न घालता पिशवीत टाका. म्यानात गेलेली घाण धुता येत नाही. मग वरचा मोजा मनगटाशी धरून उलटा करत काढा, नंतर लांब मोजा दंडाकडून उलटवत खाली आणा, म्हणजे घाण आतल्या बाजूला राहते. मग साबण आणि पाण्याने हात धुवा. निर्जंतुकीकरणाचा मद्ययुक्त जेल चरबी आणि रक्त लागलेल्या हातांवर नीट काम करत नाही, आणि प्रिऑनवर तर मुळीच नाही. तो गाडीत बसण्याआधीचा शेवटचा हात म्हणून ठीक आहे. काम चालू असताना खाणे, तंबाखू, चहा काहीही तोंडाकडे न्यायचे नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

बोट कापलेच तर मोजा काढून वाहत्या पाण्याने आणि साबणाने निदान पाच मिनिटे धुवा, दाब देऊन रक्त थांबवा, पट्टी बांधा आणि उरलेले काम दुसऱ्याला द्या. धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षांहून अधिक झाली असतील तर अशा घाणेरड्या जखमेला पुन्हा घ्यावी लागते. पुढच्या दोन-तीन महिन्यांत ताप आला, गाठ आली, जखम भरली नाही, तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा की तुम्ही हरीण किंवा डुक्कर साफ केले होते. डॉक्टर ते विचारणार नाहीत. मराठी नावाच्या रुग्णाला तर नाहीच नाही.

आता बाळ आणि घर. सुऱ्या घरात येऊ शकतात, पण स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये नाही. गॅरेजमध्ये बादली ठेवा. आधी साबणाने घासून मांसाचा आणि चरबीचा कण न् कण काढा, कारण पुढचे औषध कणांच्या आत शिरत नाही. मग दोन भाग घरगुती ब्लीच आणि तीन भाग पाणी या मिश्रणात स्टीलचे पाते पाच मिनिटे बुडवून ठेवा. प्रिऑन लागलेल्या स्टीलवर हे प्रमाण परिणामकारक ठरते, असे २०१९ मध्ये मोंटानातल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधनातून दिसले. ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही सफाईचे द्रव्य मिसळू नका, दार उघडे ठेवा, आणि नंतर सुरी भरपूर पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवा. ब्लीच पात्याला खाते. लाकडी मूठ या कामाला निरुपयोगी आहे, पुढची सुरी रबरी मुठीची घ्या.

कपडे गॅरेजमध्येच उतरवून पिशवीत भरा. ज्यांना रक्त लागलेले नाही ते कोरडेच ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर दहा मिनिटे फिरवा, म्हणजे गोचिड्या मरतात. रक्ताचे कपडे मात्र आधी थंड पाण्यात भिजवा आणि थंड पाण्यात धुवा. गरम पाण्याने आणि ड्रायरने रक्ताचा डाग कायमचा बसतो. बाळाचे कपडे त्या फेरीत घालू नका, आणि मशीन एकदा रिकामे, गरम पाण्यावर फिरवा. बुटांचे तळ ब्रशने घासून बूट बाहेरच राहू द्या, कारण तुमचे बाळ लवकरच त्याच फरशीवर रांगणार आहे. मांस साफ करताना आणि कापताना ज्या पाट्या, ज्या भांड्यांचा उपयोग झाला ती बाळाच्या वाट्या-चमच्यांबरोबर धुवू नका; आणि मांस पूर्ण शिजवा, कारण २०१७ मध्ये याच राज्यात अर्धकच्चे हरणाचे मांस खाल्लेल्या मंडळींना टॉक्सोप्लाझ्मोसिस हा परजीवीचा आजार झाला होता. घरात कोणी गरोदर असेल तर कच्चे मांस तिच्या हाती देऊच नका.

मग नखांच्या कडा ब्रशने घासून आंघोळ करा, गुडघ्यांच्या मागे, कमरेला, काखेत आणि केसांच्या रेषेवर गोचिड्या तपासा, आणि त्यानंतर बाळाला घ्या. तेवढ्यात गाडीचे स्टिअरिंग, दुर्बिणीचा पट्टा आणि फोन पुसायचे राहून जाते. फोन आधी पुसा. सात महिन्यांचे बाळ सगळ्यांत आधी तोच तोंडात घालते.